हो, आम्ही दिवेच लावतो!

गेल्या दिवाळीत आमच्याकडे फराळाला सगळी मंडळी जमली होती. त्यात माझी आत्तेबहीणही होती. तिला आम्ही सगळे नुसतं 'ताई' म्हणतो. राज्यातल्या एका विद्यापीठात ती बायोफिजिक्स, म्हणजे जीवभौतिकशास्त्रात पीएचडी करतेय. पाचवं वर्ष सुरू आहे. चकली मोडता मोडता एका काकांनी विचारलं, "तू नेमकं कशावर करतेस गं?" ताई म्हणाली, "प्रोटीन फोल्डिंगवर." काका क्षणभर थांबले. "म्हणजे त्या फोल्डिंगच्या खुर्च्या असतात, तसं काही?" सगळे हसले, ताईपण हसली. मग काकांनी पुढचा प्रश्न टाकला, "बरं, पण यातून पुढे काय?" यावर मात्र ताई हसली नाही.

हाच प्रश्न आपल्या विधिमंडळातही विचारून झालाय. डिसेंबर २०२३ मध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात पीएचडी फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा सत्ताधारी बाकांवरून 'पीएचडी करून हे काय दिवे लावणार' अशा अर्थाचा सवाल आला. विद्यार्थी संघटना चिडल्या, सोशल मीडियावर मीम्सचा पाऊस पडला आणि चार दिवसांत सगळं थंडही झालं. पण प्रश्न तसाच राहिला. सरकारच्या, म्हणजे आपल्याच पैशांवर पाच-पाच वर्षं शिकणारी ही मुलं करतात तरी काय?

मी स्वतः मास कॉमवाली. बारावीनंतर फिजिक्सला हात जोडले ते कायमचे. त्यामुळे हा प्रश्न मला थोडा अवघड जातो, कारण ताई काय करते हे मलाही धड सांगता येत नव्हतं. म्हणून सुट्टी संपल्यावर तिच्या मागे लागले आणि तिच्या लॅबमध्ये दोन दिवस मुक्काम ठोकला.

अंधाऱ्या खोलीतला दिवा

पहिल्याच खोलीच्या दारावर लाल दिवा होता. तो चालू असला की आत जायचं नाही. आत काळे पडदे, काळोख, आणि एका जड टेबलावर आरसे, भिंगं आणि त्यांच्यातून जाणारा लेझरचा किरण. "जोरात दार आपटू नकोस," एवढी एकच सूचना मिळाली. टेबल हललं तर सकाळपासूनची मेहनत वाया जाते.

या यंत्राला ऑप्टिकल ट्वीझर म्हणतात. मराठीत सांगायचं तर प्रकाशाचा चिमटा. लेझर सूक्ष्मदर्शकाच्या भिंगातून एका बिंदूवर आणला की त्या बिंदूवर एक इवलासा मणी पकडून ठेवता येतो. मणी साधारण एक मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्या मण्याला एखादं प्रोटीन किंवा डीएनएचा धागा चिकटवायचा आणि ओढून बघायचं, किती जोर लावला की तो उलगडतो. आर्थर अॅश्किन यांनी अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये १९८६ मध्ये हा चिमटा दाखवला. त्यासाठी त्यांना नोबेल मिळालं २०१८ मध्ये, वयाच्या ९६ व्या वर्षी. 'पुढे काय' याचं उत्तर यायला कधीकधी ३२ वर्षं लागतात, ते असं.

यातून मोजतात काय? आपल्या पेशींमध्ये कायनेसिन नावाचं एक प्रोटीन असतं. ते अक्षरशः हमाल आहे. पेशीतल्या धाग्यांवरून पाठीवर माल घेऊन चालतं. त्याचं एक पाऊल आठ नॅनोमीटरचं, आणि साधारण सहा-सात पिकोन्यूटन जोराने मागे खेचलं की ते थांबतं. एक छोटं सफरचंद हातात धरलं की जो भार जाणवतो तो अंदाजे एक न्यूटन. पिकोन्यूटन म्हणजे त्याचा एक लाख कोटीवा भाग. एवढा बारीक जोर मोजणारा मुलगा एमएस्सी फिजिक्स करून आलाय. "पहिले चार महिने मी फक्त आरसे सरळ करत होतो," तो म्हणाला. घरी मात्र आईला वाटतं, पोरगा दवाखान्यात कामाला आहे.

शेजारच्या खोलीत दुसरा दिवा. एका जेलीफिशमध्ये हिरवं चमकणारं प्रोटीन असतं. त्याचा जीन आपल्याला हव्या त्या प्रोटीनच्या जीनला जोडला की पेशीत ते प्रोटीन जिथे जाईल तिथे हिरवा ठिपका दिसतो. २००८ चं रसायनशास्त्राचं नोबेल याच शोधाला मिळालं होतं. सूक्ष्मदर्शकात डोळा लावला तर काळ्या आभाळात हिरवे तारे पसरल्यासारखं दिसतं. मी तिथेच ताईला म्हटलं, "अगं, तुम्ही तर खरंच दिवे लावता की!" तिला हे आधीच सुचलेलं होतं. त्यांच्या लॅबच्या व्हॉट्सअॅप ग्रुपचं नावच 'दिवे लावणारे' आहे.

दारावरची यादी

लॅबच्या मुख्य दारावर एक कागद चिकटवलेला आहे. सदस्याचं नाव आणि त्यापुढे संशोधनातली आवड. एकूण ११ माणसं. गाईड मॅडम, एक पोस्टडॉक, सहा पीएचडीवाले, एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी आलेले दोघं आणि एक लॅब अटेंडंट. आवडीच्या रकान्यातले शब्द वाचून माझं डोकं गरगरलं, म्हणून एकेकाला गाठून साध्या भाषेत सांगायला लावलं.

केमिस्ट्रीवाली मुलगी प्रोटीन 'पिकवते'. जिवाणूंमध्ये हवा तो जीन घालायचा, त्यांना रात्रभर कोमट सूपमध्ये वाढवायचं, मग फोडून त्यातून फक्त आपल्याला हवं ते प्रोटीन गाळून काढायचं. हे काम चार अंश तापमानाच्या कोल्डरूममध्ये चालतं, त्यामुळे भर मे महिन्यात तिच्या खुर्चीवर स्वेटर असतो. तिचं प्रोटीन बिघडलं की बाकी चौघांचं काम अडतं. आरसेवाल्याला ओढायला काही उरत नाही.

बायोटेक करून आलेली दुसरी मुलगी पेशीच्या बाहेरच्या आवरणावर काम करते. खरी पेशी फार गुंतागुंतीची, म्हणून ती चरबीच्या रेणूंचे कृत्रिम बुडबुडे बनवते आणि ते किती ताणले तर फुटतात हे बघते. कॉम्प्युटर इंजिनीअरिंग करून इकडे वळलेला एक जण आहे. तो कुठलीही बाटली उघडत नाही. प्रोटीनमधला प्रत्येक अणू संगणकात मांडून तो कसा हलेल याचं गणित करतो. या गणिताचं एक पाऊल साधारण दोन फेम्टोसेकंदांचं असतं. म्हणजे प्रोटीनच्या आयुष्यातला एक मायक्रोसेकंद बघायचा तर अशी ५० कोटी पावलं टाकावी लागतात. संगणक आठवडेच्या आठवडे चालतो आणि मग मध्येच वीज जाते.

वीज जाण्यावरून आठवलं. यादीत शेवटचं नाव अटेंडंट काकांचं आहे आणि त्यांच्या नावापुढे आवडीचा रकाना रिकामा आहे. पण दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाइट गेले तेव्हा सगळ्यात आधी टॉर्च घेऊन धावले ते काकाच. उणे ८० अंशांच्या फ्रीजरकडे. त्यात या मुलांचे तीन-तीन वर्षांचे नमुने ठेवलेले आहेत. जनरेटर सुरू होऊन फ्रीजरचा आवाज परत आल्यावरच ते बाकड्यावर बसले. कुठलं यंत्र कसं घरघरतं हे या लॅबमध्ये सगळ्यात जास्त त्यांना कळतं, हे स्वतः मॅडमनी सांगितलं.

म्हणजे बायोफिजिक्सची लॅब ही कुणा एका हुशार माणसाची गोष्ट नसते. इथे एकाच प्रश्नाला पाच दिशांनी भिडणारी पाच विषयांची पोरं लागतात. आणि हो, यांना लॅबबाहेरही आयुष्य आहे. एक जण तबला वाजवतो, दोघी मिळून गडकिल्ले पालथे घालतात, आणि सगळे मिळून रात्री कॅन्टीन बंद झाल्यावर मॅगी करतात. अर्थात लॅबच्या बाहेर. आत खायला सक्त मनाई आहे.

एका अक्षराचा फरक आणि आपला विदर्भ

आता ताईचं काम. ती हिमोग्लोबिनच्या बदललेल्या रूपांवर काम करते. इथे काकांच्या 'पुढे काय'ला थेट उत्तर आहे.

प्रोटीन म्हणजे अमिनो आम्लांची माळ. ही माळ एका ठरावीक पद्धतीने दुमडली गेली की ती कामाची होते. यालाच फोल्डिंग म्हणायचं. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत असे १४६ मणी असतात. त्यातला सहाव्या जागेवरचा फक्त एक मणी बदलला की सिकलसेलचं हिमोग्लोबिन तयार होतं. दोन्ही पालकांकडून हा बदल आला तर आजार होतो. ऑक्सिजन सुटल्यावर हे रेणू एकमेकांना चिकटून लांब दोर तयार करतात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकडी होते. मग ती बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकते आणि रुग्णाला भयंकर वेदना होतात. आजाराचं मूळ रेणूमध्ये आहे हे लायनस पॉलिंग आणि सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये दाखवलं. नेमका कुठला मणी बदलतो हे काही वर्षांनी व्हर्नन इन्ग्रम यांनी शोधलं.

गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट, नंदुरबार या भागांत राहणाऱ्यांना हा आजार काय असतो हे वेगळं सांगायला नको. केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन असं त्याचं लक्ष्य आहे.

बायोफिजिक्सवाल्यांनी यात काय केलं? १९७० च्या दशकात त्यांनी दोर तयार व्हायला लागणारा वेळ मोजला. लक्षात आलं की ऑक्सिजन गेल्या क्षणी दोर बनत नाहीत, मध्ये थोडा उशीर होतो. पेशीत सिकल हिमोग्लोबिन थोडं जरी पातळ झालं तरी हा उशीर प्रचंड वाढतो. आणि तेवढ्या वेळात पेशी बारीक वाहिनीतून सुटून परत फुफ्फुसाकडे निघाली तर ती वाकडी होतच नाही. आज सिकलसेलसाठी सगळ्यात जास्त वापरलं जाणारं औषध आहे हायड्रॉक्सियुरिया. त्याने गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन वाढतं, सिकल हिमोग्लोबिन पातळ होतं आणि तो उशीर लांबतो. औषध का चालतं, हे समजायला कुणीतरी अंधाऱ्या खोलीत बसून मिलिसेकंद मोजावे लागले होते.

मद्रासमधलं कांगारूचं शेपूट

"हे सगळं अमेरिकेत होतं, आपल्याकडे कुठे?" असं वाटत असेल तर जरा थांबा. जगातल्या प्रत्येक बायोफिजिक्सच्या पुस्तकात एक भारतीय नाव असतंच, जी. एन. रामचंद्रन. आणि त्यांनी ते काम केलं एका राज्य विद्यापीठात.

१९५२ मध्ये, वयाच्या तिशीत, रामचंद्रन मद्रास विद्यापीठात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल तिथे आले आणि बोलता बोलता म्हणाले की कोलॅजेनची रचना अजून कुणाला नीट उलगडलेली नाही. कोलॅजेन म्हणजे आपल्या त्वचेतलं, हाडांतलं, स्नायुबंधांतलं मुख्य प्रोटीन. रामचंद्रन आणि त्यांचे तरुण सहकारी गोपीनाथ कर्था यांनी कांगारूच्या शेपटीतल्या स्नायुबंधाची क्ष-किरण चित्रं काढली आणि १९५४-५५ मध्ये कोलॅजेन तीन पेडांचं असतं हे मांडलं. तीन पेडांची वेणीच म्हणा ना.

परदेशातल्या नामांकित शास्त्रज्ञांनी शंका काढली, यात अणू एकमेकांच्या फार जवळ येतात. रामचंद्रन यांनी ती शंकाच पुढच्या कामाचा विषय केली. अणू किती जवळ येऊ शकतात, साखळी कुठल्या कोनात वळू शकते आणि कुठल्या कोनात वळूच शकत नाही, याचा नकाशा त्यांनी रामकृष्णन आणि शशिशेखरन या सहकाऱ्यांबरोबर १९६३ मध्ये प्रसिद्ध केला. तोच 'रामचंद्रन प्लॉट'. आजही जगात कुठेही कुणी प्रोटीनची नवी रचना शोधली की ती बरोबर आहे का हे या नकाशावर तपासून बघतात. ताईच्या लॅबमध्ये तो भिंतीवर लावलाय, कॅलेंडरच्या शेजारी.

पुढे १९७१ मध्ये रामचंद्रन यांनी लक्ष्मीनारायणन यांच्याबरोबर, वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण चित्रांवरून आतलं त्रिमित चित्र कसं उभं करायचं याचं गणित मांडलं. सीटी स्कॅनच्या गणितात त्या पद्धतीला महत्त्वाची जागा आहे. स्फटिकांपासून निघालेला माणूस कोलॅजेनवरून स्कॅनपर्यंत गेला. १९५२ मध्ये त्यांच्या दारावर आवडीची यादी असती तर त्यात सीटी स्कॅन नक्कीच नसतं.

एआय आलं, आता तुमचं काय?

लॅबमधून परतल्यावर माझ्या एका इंजिनीअर मित्राने खडा टाकलाच. "प्रोटीन फोल्डिंग? ते तर अल्फाफोल्डने सॉल्व्ह केलं ना?"

अर्धं खरं आहे. गुगल डीपमाइंडच्या अल्फाफोल्डने २०२० च्या जागतिक स्पर्धेत सगळ्यांना मागे टाकलं. २०२२ पर्यंत २० कोटींहून जास्त प्रोटीनच्या अंदाजित रचना सगळ्यांसाठी खुल्या झाल्या. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांच्याबरोबर डेव्हिड बेकर होते, ज्यांनी निसर्गात नसलेली प्रोटीन संगणकावर घडवली.

मग ताईची लॅब बंद करायची का? दोन गोष्टी बघा.

पहिली, अल्फाफोल्ड शिकलं कशावर? प्रोटीन डेटा बँक नावाच्या खुल्या खजिन्यावर. हा खजिना १९७१ मध्ये सुरू झाला तेव्हा त्यात फक्त सात रचना होत्या. २०२३ च्या सुरुवातीला दोन लाखांचा टप्पा पार झाला. यातली एकेक रचना काढायला कुणा ना कुणा विद्यार्थ्याने महिने, कधी वर्षं घातलीत. एआयने जे काही काढून दाखवलं ते या ५० वर्षांच्या घामावर उभं आहे. तो डेटा फुकट होता म्हणून त्याची किंमत कुणाला दिसली नाही.

दुसरी, अल्फाफोल्ड देतं ते स्थिर चित्र. फोटो म्हणा. प्रोटीन हलतं कसं, किती जोराने उलगडतं, एकमेकांना चिकटून दोर कधी बनवतं, हे फोटोवरून कळत नाही. आणि साखळीतला एकच मणी बदलला तर काय बिघडेल, हे सांगण्यासाठी ते बनवलेलंच नाही. सिकलसेल म्हणजे नेमकं तेच. त्यामुळे ताईच्या लॅबमधला इंजिनीअर अल्फाफोल्ड रोज वापरतो, पण त्याचं उत्तर केमिस्ट्रीवालीच्या प्रोटीनवर आणि आरसेवाल्याच्या चिमट्यात तपासल्याशिवाय कुणी पुढे जात नाही.

आणखी एक गंमत. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल एआयच्या पायाभूत कामासाठी मिळालं. त्यातले जॉन हॉपफिल्ड यांनी न्यूरल नेटवर्ककडे वळण्याआधी काय केलं होतं? हिमोग्लोबिनचं भौतिकशास्त्र! एआय बायोफिजिक्सला गिळणार म्हणणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. एआयचा एक झरा याच खोल्यांमधून निघालाय.

पगार नव्हे, फेलोशिप

दिव्याला तेल लागतं. आता त्या तेलाबद्दल बोलू.

सीएसआयआर-यूजीसी नेट पास होऊन जेआरएफ मिळाली तर १ जानेवारी २०२३ पासून पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार रुपये आणि नंतर ४२ हजार, अधिक घरभाडे भत्ता. त्याआधी २०१९ पासून ३१ आणि ३५ हजार होते. ऐकायला बरं वाटतं. पण ही रक्कम महागाई भत्त्यासारखी आपोआप वाढत नाही. चार-पाच वर्षांनी मुलं रस्त्यावर उतरतात, निवेदनं देतात, मग वाढ होते. २०१९ ची वाढही दिल्लीतल्या आंदोलनानंतरच झाली होती. निवडक संस्थांमध्ये पंतप्रधान रिसर्च फेलोशिप ७० ते ८० हजारांची आहे. म्हणजे तेच काम, तसाच चिमटा, पण संस्था बदलली की रक्कम जवळपास दुप्पट.

आणि ज्यांना जेआरएफ नाही ते? केंद्रीय विद्यापीठांत नेट नसलेल्यांना यूजीसीकडून महिना आठ हजार मिळतात. राज्य विद्यापीठांत त्याचीही खात्री नाही. मग बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप हाच आधार. त्यासाठीही किती धावपळ! २०२३ मध्ये बार्टीचे संशोधक विद्यार्थी आझाद मैदानावर अनेक दिवस ठिय्या देऊन बसले होते. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये या फेलोशिपसाठी झालेल्या परीक्षेत २०१९ च्या सेट परीक्षेचीच प्रश्नपत्रिका आली. जून २०२४ मध्ये सीएसआयआर-यूजीसी नेट ऐन तोंडावर पुढे ढकलली गेली. 'काय दिवे लावणार' विचारणाऱ्यांनी आधी काडेपेटी वेळेवर द्यायला हवी की नको?

ताईचे पैसे मागच्या वर्षी सात महिने अडकले होते. कागद या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. त्या काळात तिने दोन घरी बारावीच्या शिकवण्या घेतल्या आणि मेसचं बिल मैत्रिणीने भरलं. पैसे आले तेव्हा एकदम आले. पण शिकवण्यांमुळे जे प्रयोग राहून गेले ते काही एकदम झाले नाहीत. तिच्या सिनिअरची गोष्ट आणखी वेगळी. फेलोशिपची पाच वर्षं संपली, थिसिस बाकी. यूजीसीच्या २०२२ च्या नियमांनुसार पीएचडीला सहा वर्षांपर्यंत मुदत आहे, फेलोशिप मात्र पाचच वर्षं. सहावं वर्ष त्याने एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवून काढलं.

देशपातळीवर बघा. संशोधनावर आपण जीडीपीच्या ०.६४ टक्के खर्च करतो. चीन दोन टक्क्यांहून जास्त, दक्षिण कोरिया चार टक्क्यांहून जास्त. २०२३ च्या कायद्याने अनुसंधान नॅशनल रिसर्च फाउंडेशन स्थापन झालं. पाच वर्षांत ५० हजार कोटी असं जाहीर झालं, पण त्यातले सुमारे ३६ हजार कोटी सरकारबाहेरून, म्हणजे उद्योग आणि देणगीदारांकडून यायचे आहेत. २०२५ मध्ये संशोधन आणि नवोन्मेषासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर झाला. तो मुख्यतः खासगी क्षेत्राला कमी व्याजाची दीर्घ मुदतीची कर्जं आणि भांडवल देण्यासाठी आहे. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण यातून विद्यापीठातल्या ताईची फेलोशिप एक तारखेला जमा होणार नाही. मोठ्या घोषणा यंत्रांच्या आणि उद्योगांच्या भाषेत होतात. लॅब मात्र चोवीस ते तीस वयाच्या माणसांवर चालते.

मग प्रश्न चुकीचा होता का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर पूर्ण चुकीचा नव्हता. जनतेचा पैसा आहे, हिशेब मागायलाच हवा. प्रमोशनसाठी केलेल्या, कट-कॉपी-पेस्टच्या पीएचडी आपल्याकडे आहेत हे कोण नाकारेल? त्यांच्यामुळेच खरं काम करणाऱ्यांना टोमणे ऐकावे लागतात.

पण हिशेब कसा मागायचा, हे ठरवायला हवं. काम सुरू होण्याआधीच 'यातून काय निघणार' विचारलं तर रामचंद्रन यांनाही उत्तर देता आलं नसतं. कांगारूच्या शेपटाचा मद्रासला काय उपयोग, असं कुणी विचारलं असतं तर? हिशेब मागायचा तो झालेल्या कामाचा. मोजमापं खरी आहेत का, डेटा उघड आहे का, दुसऱ्या लॅबमध्ये तेच येतं का, विद्यार्थ्याला गाईड वेळ देतात का. आणि त्या बदल्यात पैसे वेळेवर द्यायचे. दोन्ही बाजूंनी शिस्त हवी.

निघताना मी ताईला विचारलं, काकांना काय सांगू? ती म्हणाली, "सांग, खुर्चीचंच काम आहे. दुमडताना एक खिळा चुकीचा बसला तर माणूस पडतो. तो खिळा शोधतेय." काकांना मी फोन करून तेच सांगितलं. ते म्हणाले, "असं होय! मग आधीच सांगायचं ना." मग थोडं थांबून म्हणाले, "पैसे मिळतात ना गं तिला वेळेवर?"

तुम्हाला जायचंय तिकडे?

- फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी, गणित, कॉम्प्युटर, कुठल्याही वाटेने येता येतं. दुसऱ्या विषयाची भीती मात्र सोडावी लागते.
- मुंबई विद्यापीठाच्या कलिना संकुलात बायोफिजिक्सचा स्वतंत्र विभाग आहे. मद्रास विद्यापीठ, दिल्लीचं एम्स, बंगळूरुची आयआयएस्सी इथेही या विषयाचे विभाग आहेत. पुण्याच्या आयसर आणि मुंबईच्या टीआयएफआरमध्येही या अंगाने काम चालतं.
- एमएस्सीसाठी आयआयटी जॅम, पीएचडीसाठी सीएसआयआर-यूजीसी नेट आणि गेट या परीक्षांकडे लक्ष ठेवा.
- पदवीला असतानाच उन्हाळी फेलोशिपसाठी अर्ज करा. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून अशी योजना चालवतात. दोन महिने लॅबमध्ये घालवले की आपल्याला हे जमेल का, ते कळतं.
- लॅब निवडताना फक्त गाईडचे पेपर बघू नका. तिथल्या सिनिअर्सबरोबर चहा प्या आणि दोन प्रश्न विचारा. फेलोशिप वेळेवर येते का? आणि प्रयोग फसला तर मॅडम किंवा सर काय म्हणतात?